‘मी’ सांगतो तें खरें मानावें काय?

प्रथमपुरुषीं लिहिलेली कथा हातीं घेतली कीं वाचक नकळत सांगणाऱ्याचा पक्षकार बनतो. ‘मीं पाहिलें, मीं ऐकलें’ असें कोणी म्हणतांच आपण त्याच्याच डोळ्यांनीं पाहूं लागतों. मनोव्यापारांवर रचलेल्या रहस्यकथेचा लेखक नेमका ह्याच संवयीचा लाभ घेतो.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो ह्याची ‘दि टेल-टेल हार्ट’ ही १८४३ सालची गोष्ट पाहा. म्हाताऱ्याचा खून करणारा मनुष्यच ती सांगतो. आपण वेडे नाहीं हें पटविण्यासाठीं तो आपल्या सावधगिरीचें जों जों बारकाईनें वर्णन करतो, तों तों वाचकाचा संशय बळावतो. शेवटीं फळ्यांखालीं दडविलेल्या प्रेताचें हृदय त्याला धडधडतांना ऐकूं येतें. समोरचे पोलीस मात्र खुशाल गप्पा मारीत असतात!

ही गोष्ट पवित्र शास्त्राच्या वाचकास नवी नाहीं. १ शमुवेल ३१ मध्यें शौल राजा गिलबोवा डोंगरावर स्वतःच्याच तरवारीवर पडून मरतो. पुढच्याच पुस्तकाच्या आरंभीं एक अमालेकी तरुण दाविदास सांगतो कीं, राजाच्या विनंतीवरून मींच त्याला ठार मारिलें. पुराव्यादाखल तो मुकुट व कडें आणतो. मुकुट खरा, कडेंहि खरें. हकीकत मात्र मागल्या अध्यायाशीं जुळत नाहीं. कांहीं भाष्यकार दोन्हींचा मेळ घालूं पाहतात. मला तें पटत नाहीं. त्याला बक्षिसाची आशा होती, हें ४ थ्या अध्यायांतील दाविदाच्या बोलण्यावरून दिसतें. मिळाला तो मृत्युदंड, आणि तोहि त्याच्याच तोंडच्या साक्षीवरून.

आपल्या भागांतील उदाहरण घ्यावयाचें तर सांगलीस १८९८ सालीं जन्मलेले वि. स. खांडेकर ह्यांची ‘ययाति’ (१९५९) घ्यावी. ती रहस्यकथा नव्हे, परंतु सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्यांस ह्या सरावासाठीं तिच्याइतकें सोयीचें पुस्तक मला दुसरें दिसत नाहीं. तींत ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वमुखें सांगतात. कचाला मात्र हा मान नाहीं. तो तिघांच्या नजरेंतूनच दिसतो. येथें कोणी जाणूनबुजून खोटें बोलतो असें नव्हे. तरी ययातीची कबुली इतकी आर्जवी आहे कीं वाचकाचें मन विरघळतें. कबुली देणारा सत्यच बोलतो ही समजूत भाबडी होय. पुष्कळदां कबुली म्हणजे क्षमेची आगाऊ मागणी असते.

खेळाच्या मैदानावर तंटा झाला कीं आधीं रडत येणाऱ्याचें खरें ठरतें आणि मुक्यानें उभ्या राहिलेल्यास शिक्षा होते. म्हणून पालकांनीं मुलाच्या हातीं रहस्यकथा दिसतांच ती हिसकावून घेऊं नये; ‘हें त्यानें स्वतः पाहिलें, कीं नुसता तर्क केला?’ एवढें विचारावें.

ह्या सुटींत ‘ययाति’ वाचतांना पेन्सिल जवळ ठेवा. एकच प्रसंग दोघांनीं सांगितला असेल तेथें दोन्ही पानांवर खूण करा, आणि कोणी काय गाळलें तें वहींत लिहून आणा.