पहिल्या टप्प्यातला गोंगाट

"दहा दिवस बोलायचं नाही? आणि तू?"

जूनमध्ये परीक्षा संपल्यावर मी इगतपुरीला विपश्यना शिबिराला चाललोय असं सांगितलं, तेव्हा आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला तो तळमजल्यावर रेक्टर सरांच्या खोलीपर्यंत नक्की गेला असणार. मी तिसऱ्या दिवशी पळून येतो की चौथ्या, यावर वडापावच्या पैजा लागल्या. मित्रांनो, त्यांचं काही चुकत नव्हतं. आंघोळीच्या रांगेत, मेसमध्ये, लायब्ररीत आणि (दुर्दैवाने) व्हायवा चालू असतानासुद्धा अखंड बडबडणारा प्राणी अशी माझी ख्याती आहे. माझा रूममेट तेवढा हसला नाही. "जाऊन ये," एवढंच म्हणाला. मी बॅग भरण्याच्या नादात होतो.

विपश्यनेवर अधिकाराने लिहावं असं माझ्याकडे काही नाही. एकच शिबिर केलंय, आणि तेही कुरकुरत. पण इंजिनिअरिंगच्या पोराला शांततेचा अर्थ कुठे आणि कसा लागला, हे सांगता येईल. त्यासाठी तुम्हाला आधी माझ्याबरोबर खोडदला यावं लागेल.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. थर्ड इयरला आमची स्टडी टूर तिथे गेली होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मधोमध साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डिशला भरीव पत्रा नाहीच. ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवलेली, म्हणजे वजन कमी, वारा आरपार आणि खर्चही आटोक्यात. ही डॉ. गोविंद स्वरूप यांची कल्पना. गाडीतून उतरताच मोबाईल बंद करायला सांगितलं. ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट इथे कमी होता. आणि एवढा सगळा पसारा कशासाठी? तर ऐकण्यासाठी. ही दुर्बीण आकाशाकडे काहीही पाठवत नाही. ती फक्त ऐकते.

परतीच्या प्रवासात आमच्या मॅडमनी बसमध्येच फ्रिसचं सूत्र समजावलं. हॅरल्ड फ्रिस हे बेल लॅबमधले संशोधक, त्यांचा पेपर १९४४ चा. सूत्र परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं, त्याचा अर्थ असा. एकामागोमाग एक अॅम्प्लिफायर जोडले, तर साखळीच्या एकूण नॉइजमध्ये सगळ्यात मोठा वाटा पहिल्याचा असतो. मागच्या टप्प्यांचा नॉइज पहिल्याच्या गेनने भागला जातो, म्हणून तो फारसा जाणवत नाही. पण पहिल्या टप्प्यात जी खरखर सिग्नलमध्ये मिसळली, ती पुढे सिग्नलबरोबरच वाढत जाते. मागे कितीही भारी सर्किट लावा, ती वेगळी काढता येत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं आणि अंताक्षरीत सामील झालो.

त्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं स्वस्तातलं यंत्र, म्हणजे घरगुती ईसीजी. छातीवर मिळणारा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास, आणि त्यावर भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण अशी स्वार झालेली की स्क्रीनवर ठोक्यांऐवजी जाड साइन वेव्ह दिसायची. मी फिल्टरमागे फिल्टर लावत सुटलो. गुणगुण कमी झाली, पण तिच्याबरोबर ठोक्याचा उंच टोकदार भागही बोथट होऊ लागला. दोन महिने हेच. एक दिवस लॅबमधले साहाय्यक काका म्हणाले, "तू सर्किटशी पण भांडतोस आणि स्वतःशी पण. जरा डोकं थंड करून ये." काका दर वर्षी रजा टाकून इगतपुरीला जातात. अर्ज त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला.

आता थोडी माहिती. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ सालचा, मंडालेचा. घरचा मोठा व्यापार. असह्य डोकेदुखीने बेजार होऊन ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे कोणी मठातले साधू नव्हेत, ब्रह्मदेशच्या सरकारचे अकाउंटंट जनरल! गोएंकाजी १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये ते गेले, पण शिबिरं त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांवरच चालतात. फी नाही. दान घेतात तेही ज्याने शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच. (सिव्हिलवाल्यांसाठी: मुंबईत गोराईला त्यांचा जो पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला, त्याच्या घुमटाखाली सुमारे ८००० माणसं बसतात आणि आत एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून उभा केलेला घुमट आहे. स्टडी टूर काढायला हरकत नाही.)

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, अकराला जेवण, पाचला नवख्यांना चहा, कुरमुरे, फळ. संध्याकाळी प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. मोबाईल, पुस्तक, कागद-पेन सगळं पहिल्याच दिवशी जमा. पाळायचं ते 'आर्यमौन': नुसतं तोंड बंद ठेवायचं नाही, तर खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरेनेही बोलायचं नाही. अडचण असेल तर आचार्यांना किंवा सेवकांना विचारता येतं, बाकी कोणाशी काही नाही.

पहिले तीन दिवस काम एकच, आनापान. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो जसा आहे तसा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. वाचायला सोपं वाटतं. मला पाच श्वासही सलग जमेनात. बाहेर इगतपुरीचा पाऊस आणि बेडूक यांच्याशिवाय आवाज नाही, आणि आत मात्र अख्खा हॉस्टेल डे चालू! कोणाला काय उत्तर द्यायला हवं होतं, सरांनी टर्मवर्कला मार्क कमी का दिले, प्रोजेक्टमधल्या पार्टनरचं किती चुकतं... गंमत म्हणजे बहुतेक संवादांत मीच बोलत होतो. समोरच्याच्या तोंडी मी माझ्या सोयीची वाक्यं घालत होतो. एकवीस वर्षं मला वाटत होतं की माझी बडबड तोंडात आहे. तोंड बंद झाल्यावर कळलं की ती फक्त स्पीकरची जागा होती, सर्किट आत होतं. तिसऱ्या संध्याकाळी मी पळून जायच्या बेतात होतो. थांबलो ते अध्यात्मापायी नव्हे, वडापावपायी.

चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना. शरीरावर डोक्यापासून पायापर्यंत जी संवेदना असेल ती बघत जायचं आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. दिवसातून तीनदा तासभर शक्यतो न हलता बसायचं. गुडघा असा पेटतो म्हणता! पण कळ ही एक गोष्ट आणि 'अरे बापरे, कळ' ही दुसरी, हे तिथे पहिल्यांदा सुटं दिसलं. दुसरी थांबली की पहिली राहते, पण सोसवते. मला ते अधूनमधूनच दिसलं, हेही सांगायला हवं.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी, मन जरा निवलेलं असताना, कसलाही प्रयत्न न करता डोळ्यांपुढे आमचं सर्किट आलं आणि मला दिसलं की मी दोन महिने चुकीच्या टोकाला काम करतोय. फिल्टर शेवटी लावतोय, आणि गुणगुण शिरतेय सुरुवातीला. इलेक्ट्रोडच्या वायर लांबलचक, दोन बाजूंना फाकलेल्या. त्यांच्यामधला मोकळा भागच गुणगुण पकडणारी अँटेना झालेला. शिवाय एक इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही, दुसरा चिकटतो. वायर आखूड करून एकमेकींना पीळ द्यायचा, जेल बदलायचं. बस! लिहून ठेवायला हात शिवशिवत होते आणि पेन ऑफिसात जमा. आचार्यांना भेटून विचारलं तर ते हसून म्हणाले, "जाऊ द्या. श्वासाकडे या." मला तेव्हा रागच आला.

नंतर वाचलं की हेन्री पॉइनकारे या गणितज्ञाचंही असंच झालं होतं. हा मूळचा खाणकामाचा इंजिनिअर. बरेच दिवस एका प्रश्नाशी झगडून तो सहलीला गेला, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी उत्तर समोर! पण आधीच्या मेहनतीशिवाय असं काही सुचत नाही, हेही त्याने बजावलंय. म्हणजे अभ्यास न करता नुसतं डोळे मिटून बसल्याने एम-थ्री सुटेल, असा अर्थ कृपया काढू नये. आणि माझ्या त्या साक्षात्काराचंही फार कौतुक नको. वायरला पीळ दिल्यावर निम्मी गुणगुण गेली. उरलेली कुठून येतेय ते काकांनी शोधलं. आमच्या टेबलाच्या बरोबर वर जुन्या ट्यूबलाइटचा चोक होता. (ही गुणगुण फ्रिसच्या अर्थाने 'नॉइज' नव्हे, हे मॅडम लाल शाईने लिहिणार, ठाऊक आहे.)

दहाव्या दिवशी मौन सुटतं, पण आधी मंगल मैत्री शिकवतात. जे काही थोडं निवलंय ते सगळ्यांना मिळो, कोणी दुखावलं असेल त्याला माफी, मी दुखावलं असेल त्याची माफी मागणं. क्रम बघा. ही मैत्री पहिल्या दिवशी शिकवत नाहीत. दहा दिवस आतला गोंगाट ऐकून झाल्यावर मग. सभोवतालच्या त्या अनोळखी माणसांशी मी एक शब्दही बोललो नव्हतो, तरी कोणाला खोकला आहे, कोण रात्री रडतं, कोण ताट किती हळू ठेवतं हे मला माहीत होतं. आणि तेव्हा मनात आलं, रूममेट रात्री किती वाजता झोपतो हे मला माहीत नाही. तीन वर्षं एका खोलीत.

अकराव्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलवर आलो. खोलीत तो एकटाच होता. "कसं झालं?" त्याने विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार, तर त्याच्या शेल्फकडे लक्ष गेलं. रिकामं होतं.

"पुस्तकं कुठायत?"

"विकली."

मी काही बोललो नाही. ती साधना वगैरे नव्हती, सवय मोडली होती एवढंच. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. एम-थ्री तिसऱ्यांदा गेला होता. मी तिकडे श्वास बघत असताना निकाल लागला आणि त्याला वायडी लागला. घरी कांद्याला भाव नव्हता, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं, आईने पुढच्या वर्षीच्या कॅम्पसबद्दल गावात सांगून ठेवलेलं. तो घरी काही न कळवता चाकणला कंत्राटी कामावर जाणार होता. बॅग भरलेली कॉटखाली होती.

ऐकता ऐकता माझ्या आत चार सल्ले तयार उभे होते, मला ते स्पष्ट दिसत होते. तीन आवरले. एक निसटला: "रिव्हॅल्युएशन टाकलंस का?" तो गप्प झाला. परत बोलता व्हायला दहा मिनिटं गेली. मग तो शांतपणे म्हणाला, "मी तुला दोनदा सांगितलं होतं रे, मला भीती वाटतेय म्हणून. एकदा गणपतीत आणि एकदा सबमिशनच्या रात्री."

मला आठवत नाही. आजही नाही. त्या दोन्ही वेळी मी त्याच खोलीत होतो, बहुधा काहीतरी उत्तरही दिलं असेल, विनोदीच. माझी मदत करायची इच्छा, हुशारी, ओळखी, सगळे मागचे टप्पे ठीकठाक होते. पहिल्याच टप्प्यात माझ्या आवाजाने त्याचा आवाज खाल्ला होता.

सकाळी आम्ही दोघं त्याच्या टीचर गार्डियन मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी त्याला चहा दिला, मग कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ घेऊन दिली. ज्याची झोप उडालीय, जेवण तुटलंय, त्याला कोणी परस्पर शिबिरात पाठवू नये. केंद्राच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही. तिथे काय सापडेल ते सापडेल, पण ते औषध नव्हे. आईला फोन त्याने स्वतः केला. मी दाराबाहेर उभा होतो. चाकण रद्द झालं, वायडी मात्र राहिला. वडिलांचं कर्जही आहेच.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं असं शिबिरात सांगतात. माझी वीस मिनिटं झाली तर तो चांगला दिवस. बडबडही फारशी कमी झालेली नाही, विंगमधले साक्षीदार आहेत. पैजेचे वडापाव मात्र वसूल केले.

विकलेली पुस्तकं आणायला आम्ही दोघं रद्दीवाल्याकडे गेलो होतो. पाच मिळाली, एम-थ्रीचं गेलं होतं. म्हणून माझं दिलं. तो आता खालच्या विंगमध्ये ज्युनियर पोरांबरोबर राहतो आणि आठवड्यातून दोनदा ते पुस्तक घेऊन वर येतो. समासात मी पेन्सिलने सोडवलेली गणितं चुकीची आहेत, असं त्याचं म्हणणं आहे. तपासली. त्यातली तीन खरंच चुकलीत.