राजधानी कोणती?

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नमंजूषेत राजधानीचा प्रश्न आला की तुम्ही पटकन हात वर करता. जरा थांबा. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नव्हे, कॅनबेरा आहे. सिडनी आणि मेलबर्न या दोन्ही शहरांना हा मान हवा होता, म्हणून १९०८ मध्ये त्यांच्या दरम्यानची तिसरीच जागा निवडली गेली. तुर्कस्तानची राजधानीही इस्तंबूल नसून अंकारा आहे.

कझाकस्तानच्या प्रश्नावर तर मीच चुकलो. आमच्या वर्गातील स्पर्धेत एका मुलीने 'अस्ताना' असे उत्तर दिले. माझ्या हातातील पुस्तकात 'नूर-सुलतान' छापले होते, म्हणून मी गुण दिला नाही. ती काही न बोलता खाली बसली. घरी जाऊन मी नवा नकाशासंग्रह उघडला. १९९७ मध्ये राजधानी अलमाटीहून उत्तरेकडील अकमोला शहरात गेली. पुढच्याच वर्षी त्या शहराचे नाव अस्ताना झाले, २०१९ मध्ये नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना! माझे पुस्तक २०२० चे होते. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर मी तिचा गुण तिला दिला. त्या एका गुणाने तिचा गट जिंकला.

कझाक भाषेत 'अस्ताना' म्हणजे राजधानी. तुमच्या उर्दूत 'आस्ताना' म्हणजे उंबरठा. दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत.