पाणीही पोटात राहीना तेव्हा

फोडणीचं सोडाच, भात शिजतानाची वाफ नाकाला लागली तरी मला भडभडून यायचं. गरोदरपणाचा दुसरा महिना सरत होता. पोट रिकामं झालं की पिवळं पित्त पडायचं, मग नुसते कोरडे उमासे. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी आवळासुपारी आणली, आत्यांनी आल्याचा रस पाठवला, शेजारच्या काकू म्हणाल्या, "आम्ही तर ओकतओकत पोळ्या लाटल्या." सगळं मायेनंच. पण तोवर माझं तीन-चार किलो वजन उतरलं होतं आणि लघवी दिवसातून एखाददुसऱ्या वेळी, तीही गडद. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो, त्यांनी "मनावर घेऊ नका" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या बाईंनी मात्र वजन पाहिलं आणि लगेच दाखल करून घेतलं.

हे दुखणं मनाचं नव्हे, हे आता पुराव्यानिशी सांगता येतं. हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम असं त्याचं नाव. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांनी १९९९ मध्ये याच त्रासात आपलं बाळ गमावलं. 'लक्ष वेधून घेण्यासाठी करतेस' असं तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना सुनावलं होतं. त्या अनुवंशशास्त्रज्ञ, पुढे त्यांनी याच आजाराचा पिच्छा पुरवला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या चमूचं संशोधन 'नेचर'मध्ये आलं.

त्यातला मुख्य आरोपी जीडीएफ-१५ हे संप्रेरक. एरवीही ते आपल्या रक्तात थोडंसं असतं. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात त्याला ओळखणारी जागा आहे. तिथे ते पोचलं की भूक मरते आणि मळमळ सुरू होते. गरोदरपणी वार आणि बाळ मिळून ते भरपूर तयार करतात. मग सगळ्याच बायका आडव्या का होत नाहीत? कारण जिच्या रक्तात आधीपासून ते कमी असतं, तिच्या शरीराला या पुराची सवयच नसते. थॅलेसेमियामुळे ज्यांच्या अंगात ते कायम चढलेलं असतं, त्यांना गरोदरपणी उलट्या क्वचितच होतात. मला तर हे वाचून आधी रागच आला. कारण रक्तात, आणि उपदेश मनाला! या शोधातून थेट निघालेलं औषध अजून हाताशी नाही, पण आहेत ती औषधंही वेळेवर मिळाली तर पुष्कळ फरक पडतो.

म्हणून बायांनो, आणि त्यांच्या सासवांनो, आयांनो, नवऱ्यांनो, साधी मळमळ आणि हा आजार यांत गल्लत करू नका. घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, उठताना अंधारी येत असेल, किंवा वजन शेकडा पाचनं उतरलं असेल (पन्नास किलोंच्या बाईचं अडीच किलो), तर आल्याच्या रसावर दिवस काढू नका. डॉक्झिलामाइन आणि बी-६ची गोळी आपल्याकडे मिळते. त्यानं भागलं नाही तर पुढचं औषध कोणतं, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक गोष्ट, जी नातेवाइकांनीच लक्षात ठेवायची, कारण दाखल झालेली बाई बोलायच्या अवस्थेत नसते. बरेच दिवस अन्न टिकलं नसेल, तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ म्हणजे थायमिन दिलंय का, हे विचारा. शरीरातला त्याचा साठा थोड्या आठवड्यांत संपतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे स्थिर राहीनात, तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ आला, तर सकाळची वाट पाहू नका.

एकदा झालेला हा त्रास पुढच्या खेपेला परतण्याचा संभव बराच असतो. म्हणून पहिल्या खेपेची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या नोंदी जपून ठेवा. दुसऱ्यांदा दिवस राहण्याआधीच त्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि गोळी कधी सुरू करायची ते तेव्हाच ठरवून घ्या.