मातीत सापडलेले नाणे कोणाचे?



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी असरच्या नमाजनंतर हिंजवडीतील आमच्या मशिदीत एक तरुण नमाजी माझ्याजवळ येऊन बसला. तो येथील माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत नोकरीला आहे. त्याने पिशवीतून बिस्किटांचा एक डबा काढला आणि त्यातील नाणी रुमालावर ओतली. तांब्याची, हिरवट काळी पडलेली, काही झिजून गुळगुळीत झालेली अशी एकूण एकतीस नाणी होती. धातू शोधणारे यंत्र विकत घेऊन तो सुट्टीच्या दिवशी गावामागच्या टेकडीवरील झाडीत फिरत असे. यंत्र वाजले की खुरप्याने वीतभर माती उकरायची, असा त्याचा छंद. त्यापूर्वी चार नाणी त्याने एका संग्राहकाला विकलीही होती.

त्याचा प्रश्न सरळ होता, “मौलाना, ही कमाई हलाल आहे ना?”

मी मदरशात शिकलेला नियम आठवला आणि लगेच उत्तर दिले, “पाचवा हिस्सा गरिबांना द्या, उरलेले तुमचे.” तो समाधानाने गेला. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. मी उत्तर दिले होते, पण उत्तरापूर्वी जे विचारायला हवे होते ते विचारलेच नव्हते. ज्याला मसला विचारला जातो त्याच्या घाईचा भार विचारणाऱ्याच्या खांद्यावर पडतो. म्हणून हा लेख त्या घाईची दुरुस्ती समजावा.

पहिला प्रश्न: हरवलेले की पुरलेले?

इस्लामी शरीअतमध्ये सापडलेल्या वस्तूंचे दोन प्रकार आहेत. एक ‘लुकता’, म्हणजे कोणाच्या तरी हातून पडलेली, हरवलेली वस्तू. दुसरा ‘रिकाज’, म्हणजे जुन्या काळी जमिनीत पुरून ठेवलेला आणि ज्याचा मालक आता कळू शकत नाही असा ठेवा. दोहोंचे नियम वेगळे आहेत.

हजरत जैद बिन खालिद जुहनी (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसनुसार, एका माणसाने सापडलेल्या वस्तूविषयी विचारले तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला त्या वस्तूची थैली आणि थैलीची दोरी नीट ओळखून ठेवण्यास व वर्षभर लोकांत पुकारा करण्यास सांगितले. हजरत उबई बिन काब (रजि.) यांना शंभर दीनारांची थैली सापडली, तेव्हा थैली व दोरीबरोबर नाण्यांची संख्याही लक्षात ठेवण्याचा आदेश त्यांना मिळाला. या आदेशामागील हेतू ध्यानात घ्यावा. सापडलेली वस्तू आधी ‘कोणाची तरी’ असते, ‘माझी’ होण्याचा प्रश्न नंतर येतो. शोधणारा हा प्रथम राखणदार आहे. म्हणूनच फकीहांनी लुकताला अमानत मानले आहे. पुकारा करूनही मालक मिळाला नाही तर हनफी मतानुसार शोधणारा गरजू असल्यास ती वापरू शकतो, सधन असल्यास त्याने ती मालकाच्या वतीने सदका करावी. पुढे मालक आलाच तर त्याचा हक्क कायम राहतो.

रिकाजविषयी बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसवरून पाचव्या हिश्श्याचा, म्हणजे ‘खुम्स’चा नियम सिद्ध होतो. येथेही एक बारकावा आहे. हनफी फकीह पुरलेल्या सर्व धनावर खुम्स लागू करतात, तांबेही त्यात आले. शाफई मजहबच्या प्रसिद्ध मतानुसार मात्र हा नियम सोन्या-चांदीपुरताच आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम बांधव शाफई आहेत. तेव्हा एकाच टेकडीवर सापडलेल्या एकाच तांब्याच्या नाण्याबद्दल पुण्याच्या हनफीला आणि रत्नागिरीच्या शाफईला वेगळे उत्तर मिळू शकते. हा विरोध नव्हे, ही फिकहची रुंदी आहे. मी मात्र हेही विचारले नव्हते की तो तरुण कोणत्या मजहबचा आहे!

प्राचीन फकीहांनी लुकता आणि रिकाज ओळखण्यासाठी नाण्यावरील खूण पाहिली. नाण्यावर कलिमा असेल तर ते मुस्लिमाचे समजून लुकता मानावे आणि इस्लामपूर्व काळाची खूण असेल तर रिकाज. आपल्या दख्खनच्या मातीत ही कसोटी जपून वापरावी लागते. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर बहमनी, निजामशाही व आदिलशाही तांब्याची नाणी या मुलखात शतकानुशतके चालली. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ‘शिवराई’ आली. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. पेशवाईतही शिवराई पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमदानीतही ती बाजारात फिरत होती. निजामशाही पैसा माळ्याच्या कनवटीला असे आणि शिवराई मोमिनाच्या बटव्यात. त्या तरुणाच्या डब्यात दोन्ही एकत्र होती. नाण्यावरचे अक्षर राज्य कोणाचे होते ते सांगते, खिसा कोणाचा होता ते सांगत नाही.

दुसरा प्रश्न: जमीन कोणाची?

हा प्रश्न हिंजवडीत राहणाऱ्याने तरी विसरू नये. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून राजीव गांधी इन्फोटेक पार्कसाठी हिंजवडी व माण परिसरातील शेतजमीन औद्योगिक वापरात गेली. जिथे भात आणि ऊस होता तिथे आज काचेच्या इमारती आहेत. येथे वीतभर जमिनीवरून भाऊ भावाशी बोलेनासा झाल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

अशा ठिकाणी पैगंबर (स.) यांनी पूर्वीच्या एका समाजाबद्दल सांगितलेली हकीकत मन लावून वाचण्यासारखी आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन विकत घेतली आणि तिच्यात त्याला सोन्याने भरलेले मडके सापडले. खरेदीदार ते घेऊन विकणाऱ्याकडे गेला. त्याचे म्हणणे, मी जमीन घेतली, सोने घेतले नव्हते. विकणारा म्हणाला, मी जमीन तिच्यातील सर्व काही धरून विकली. दोघेही सोने नाकारत होते! प्रकरण न्याय करणाऱ्याकडे गेले. एकाला मुलगा आणि दुसऱ्याला मुलगी आहे असे कळल्यावर त्याने त्या दोघांचा विवाह लावून ते सोने त्यांच्यावर खर्च करावे व सदकाही करावा असा निवाडा दिला. ही हदीसही बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवली आहे. आपल्या दिवाणी न्यायालयांत जमिनीचे जेवढे खटले चालतात त्यांतील प्रत्येक पक्षकार ‘माझे’ म्हणत उभा असतो. ‘तुझे’ म्हणत भांडणारे ते दोघे कोणत्या मातीचे असतील?

आमच्या तरुणाची झाडी कोणाची होती? मी नंतर विचारले तेव्हा कळले की ती वनखात्याच्या हद्दीत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात जमीन खोदणे हा गुन्हा आहे. मालकीच्या जमिनीत काही सापडले तर फकीहही जमीनमालकाचा हक्क विचारात घेतात. जी जमीन सर्व जनतेची म्हणून राखली आहे तिथे परवानगीवाचून खुरपे चालवणे मग कसे योग्य ठरेल? मार्गच सदोष असेल तर पाचवा हिस्सा देऊन तो शुद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न: कायदा काय म्हणतो?

काही बंधूंना वाटते की शरीअतचा मसला विचारताना देशाच्या कायद्याचा काय संबंध? संबंध आहे. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आज्ञेने होते. आपण या देशाचे नागरिक आहोत आणि नागरिकत्व हा एक करार आहे. अमान घेऊन परक्या मुलखात गेलेल्या मुस्लिमाला तिथल्या कोणाच्या घरात पुरलेले धन सापडले तर ते त्याने परत करावे, कारण ठेवून घेणे हा विश्वासघात ठरेल, असे हनफी फकीहांनी लिहिले आहे. परक्या मुलखात ही सचोटी अपेक्षित असेल, तर स्वतःच्या देशात ती किती अधिक हवी!

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास ती काय आहे, कुठे व केव्हा सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देऊन दावेदारांना बोलावतात. मालक सिद्ध झाला नाही तर ठेवा बेवारस ठरतो. अशा वेळी जमीनमालकाचा दावा असल्यास आणि दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. शासनाला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते तो घेऊ शकते. माहिती दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत.

वाचकांनी पाहावे, आधी पुकारा, मग मुदत, मग मालकाची वाट आणि शेवटी शोधणाऱ्याचा वाटा. लुकताच्या हदीसशी हा क्रम किती जुळतो! मशिदीच्या दारात किंवा बाजारात उभे राहून जो पुकारा करायचा तो आज जिल्हाधिकाऱ्यांच्या सूचनेतून होतो.

न कळवल्याचे काय होते हे आपल्या शेजारीच घडले आहे. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली परिसरातून २१६ सोन्याची नाणी जप्त केली. बांधकामाच्या जागी सापडलेला हा दोन किलोहून अधिक वजनाचा, अठराव्या शतकातील ठेवा शासनाला न कळवता घरी ठेवला गेला होता. कळवले असते तर कायद्याने कदाचित वाटा मिळाला असता. दडवल्यामुळे पोलीस दारात आले.

माती हीच थैली

आणखी एक गोष्ट. पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात की नाणे कोणत्या थरात, किती खोलीवर, कशासोबत होते यावरून त्या जागेचा इतिहास कळतो. उपटून काढलेले नाणे मुके होते. थैली व दोरी ओळखून ठेवण्याची आज्ञा मला येथे आठवते. जुन्या नाण्याची थैली म्हणजे ती मातीच. आपला तरुण माती झटकून टाकत होता आणि नाणी चिंच-मिठाने घासून चकचकीत करत होता. साक्षीदाराचे तोंड तो आपल्याच हाताने बंद करत होता, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या सोबत्याने पडायला आलेली भिंत विनामोबदला उभी केल्याचा प्रसंग आहे. भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता. मुले मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहावा ही अल्लाहची इच्छा होती. प्रत्येक दडलेला ठेवा आपल्याच हाताने उघडला जावा असे नसते. कधी भिंत बांधणे हेच आपले काम असते.

मग काय करावे?

मी त्या तरुणाला पुन्हा बोलावले आणि प्रथम माझी चूक कबूल केली. मग आम्ही मिळून यादी केली. कोणते नाणे साधारण कुठे मिळाले, केव्हा मिळाले, हे आठवेल तेवढे लिहिले. विकलेल्या चारपैकी तीन नाणी त्याने घेतलेले पैसे परत देऊन मिळवली. चौथे पुढे विकले गेले होते, त्याचा पत्ता लागला नाही. त्याचीही नोंद किमतीसह अर्जात केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देऊन त्याने पोच घेतली. यंत्र आता माळ्यावर आहे.

अर्ज देण्यापूर्वी तो म्हणाला, “मौलाना, शिक्षा झाली तर?” मी त्याला निर्भय राहा असे सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो की इथला हिशेब इथे चुकता होणे हे तिथे शिल्लक राहण्यापेक्षा हलके आहे.

तांब्याच्या नाण्याला अरबीत ‘फल्स’ म्हणतात. ‘मुफलिस’ हा शब्द त्यातूनच आला. ज्याची सोन्या-चांदीची नाणी संपली आणि हाती केवळ तांबे उरले तो मुफलिस. पैगंबर (स.) यांनी सहाबांना विचारले होते की मुफलिस कोण? मग त्यांनीच समजावले की खरा मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कोणाचे धन खाल्लेले असेल, कोणाला दुखावलेले असेल. त्याची पुण्ये त्या हक्कदारांत वाटली जातील आणि तो रिकामा उरेल.

टेकडीवरच्या त्या चौथ्या नाण्याची बाजारात किंमत फार तर दोन-तीनशे रुपये असेल. त्या दिवशी ते कोणत्या पारड्यात पडेल याची काळजी त्या तरुणाला आहे, आणि घाईने उत्तर देणाऱ्या मलाही.

अल्लाह आपल्याला हलाल रोजी, अमानत सांभाळण्याची शक्ती आणि चूक कळताच मागे फिरण्याचे धैर्य देवो. आमीन.