गावी येणारा कृषि विद्यार्थी : त्याच्याकडून कोणते काम घ्यावे ?

खरीप हंगामाच्या सुमारास पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी निरनिराळ्या गावी शिक्षणासाठी जातात. तेथील एकेका शेतकऱ्याशी त्यांचे नाव जोडून दिलेले असते व त्याच्या शेतावर त्यांनी काही आठवडे काम करावयाचे असते. या उपक्रमास ग्रामीण कृषि कार्यानुभव असे नाव असून, गावोगावी या मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने गावात राहून शेती पाहावी, अशी शिफारस रंधावा समितीने १९९२ साली केली आणि तेव्हापासून हा भाग देशातील कृषि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात रूढ झाला.

या योजनेचा लाभ विद्यार्थ्यास किती होतो, हा महाविद्यालयाचा प्रश्न होय. गावास काय लाभ होतो, हा प्रश्न मात्र आपला, म्हणजे शेतकरी बंधू-भगिनींचा व गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा आहे. पुष्कळ ठिकाणी असे दिसते की, विद्यार्थी येतात, शाळेच्या भिंतीवर तक्ते लावतात, एखादे प्रात्यक्षिक करून दाखवितात, छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी येते व तीच प्रात्यक्षिके पहिल्यापासून सुरू होतात. दोष मुलांचा नाही. त्यांना काम नेमून देणारा कोणी नसतो. थोड्या मुदतीत पुरे होईल असे, मोजमापाचे आणि मागे वही ठेवून जाणारे काम त्यांना दिल्यास हीच मुले मोठ्या उपयोगी पडतात.

गाव मोजण्याची ही परंपरा पुण्यास नवी नाही. याच महाविद्यालयाचे प्राचार्य असताना डॉ. हॅरोल्ड मान यांनी शहरालगतच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली तेथे सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्या पाहणीतून उघड झाले. पुढे १९२१ साली त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुक या गावाचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि तेथे इमारती उभ्या आहेत. तरीही त्या गावची शेती कशी होती हे आपणास सांगता येते, ते त्या नोंदींमुळे.

विद्यार्थ्याकडून प्रथम मातीचे नमुने घ्यावेत. हे काम सोपे वाटते, पण बहुधा येथेच हलगर्जी होते. एका शेतातील जमीन एकसारखी असेल तर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, सुमारे २० सें.मी. खोल खड्डा करावा व त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा व जनावरे बसण्याची जागा टाळावी. सर्व माती स्वच्छ घमेल्यात एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करीत जावे. नमुना सावलीत वाळवावा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नये. त्यामुळे तपासणीचा निकालच फसवा येतो. आरोग्यपत्रिका हाती आल्यावर त्या विद्यार्थ्याने ती शेतकऱ्यासमोर बसून वाचून दाखवावी. मृद आरोग्यपत्रिकेची योजना २०१५ पासून आहे, परंतु पत्रिका घरात असून तिच्यातील सेंद्रिय कर्बाचा आकडा कोणी पाहिलेला नाही, अशी घरे अनेक सापडतील.

विद्यार्थी पेरणीपूर्वी पोचला, तर सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण पाहण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. गोणपाट ओले करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी ठेवाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती ओलसर राखून सावलीत ठेवावी. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. शंभरातील ७० उगवले तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे धरावे. ६० च उगवले तर तीसला सत्तरने गुणून साठने भागावे. एकरी ३५ किलो बियाणे लागेल. घरोघरी असा हिशेब झाला, तर दुबार पेरणीचे एक कारण तरी टळेल. बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक आधी व जिवाणू खत शेवटी, हा क्रम पाळावा. रायझोबियम १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम पुरते.

तो पेरणीनंतर आला, तर त्यास रोपे मोजावयास लावावे. ओळींत ४५ सें.मी. व रोपांत ५ सें.मी. अंतर असेल, तर ओळीच्या एका मीटरमध्ये २० रोपे हवीत. शेतात दहा ठिकाणी मीटरभर काठी ठेवून मोजले की, बियाणे कोठे कमी पडले ते शेतकऱ्याच्या ध्यानात येते.

कंपोस्टची गोष्ट जरा वेगळी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत विद्यार्थ्यांच्या आवडीची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे छिद्रे ठेवलेले विटांचे टाके, त्यात काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर. शेण थोडके लागते, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण खत तयार होण्यास तीन ते चार महिने लागतात आणि तोवर विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासास लागलेला असतो. मग टाके वाळते, लेपाला भेगा पडतात, आणि पुढच्या वर्षी तेथे भाजीचा वाफा दिसतो. म्हणून टाके भरण्याच्या दिवशीच घरातील एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी सोपवावी. शेणामातीने भेगा बुजविणे व ओल राखणे ही दोनच कामे पुढे उरतात. घरची सून अथवा शाळकरी मुलगा ती सहज करू शकेल, मात्र तीही टाके भरताना हजर असावीत. भरल्याची तारीख पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून टाक्यास लावावी.

पावसाची नोंद हे काम तर अगदी कमी खर्चाचे. सरळ उभ्या भिंतींचा, तळाशी व तोंडाशी सारख्या रुंदीचा डबा मोकळ्या जागी, झाडाघरांपासून दूर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मोजून लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरास सुमारे ४,००० लिटर पाणी. हे गणित विद्यार्थ्याने ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखविले, म्हणजे १०० मिलिमीटर पावसात शिवारातून किती पाणी वाहून जाते याचा विचार गावकरी करू लागतात. त्याच्या जोडीस दोन-तीन विहिरींची पातळी आठवड्यातून एकदा गाठी मारलेल्या दोरीने मोजावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात. त्या ताळेबंदाचा आरंभ अशाच नोंदींपासून होतो.

विद्यार्थ्याने शेतकऱ्यास शिकवावे, अशी काहींची समजूत असते. बावीस वर्षांच्या मुलाने पन्नास वर्षे नांगर धरलेल्या माणसास शिकवावयाचे म्हणजे दोघांचीही पंचाईत. मुलांना आपल्याबरोबर कोळपणीस न्यावे, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी, आडतीचा हिशेब त्यांना उघड दाखवावा. त्यांच्यातील कित्येक शहरात वाढलेले असतात व त्यांनी भाव फक्त बाजारात पाहिलेला असतो. कृषिकन्यांची राहण्याची सोय गावातील कुटुंबात, स्त्रियांच्या सोबतीने व्हावी, हे कार्यकर्त्याने आधीच पाहावे. शेतातील निंदणी-वेचणी व घरचे बी राखणे ही कामे बहुशः स्त्रियाच करतात आणि त्यांची माहिती मुलींनाच नीट मिळते.

नोंदींसाठी दोन वह्या असाव्यात. एक विद्यार्थी महाविद्यालयात नेईल. दुसरी ग्रामपंचायतीत राहील, व तीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, उगवणीचा आकडा, रोपांची मोजणी, पाऊस आणि विहिरीची पातळी तारीखवार लिहिलेली असेल. विद्यार्थी गाव सोडण्यापूर्वी कार्यकर्त्याने ही वही तपासून तीवर सही करावी, आणि पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी आल्यावर तीच तिच्या हाती द्यावी.