इंग्रजींतील उंचीचीं, महत्त्वाचीं व श्रेष्ठत्वाचीं विशेषणें



मराठींत 'उंच' हा एक शब्द हाताशीं असला म्हणजे आपलें बरेंचसें काम भागतें. डोंगर उंच, झाड उंच, माणूस उंच, खिडकी उंच, आणि विचारहि उंच. इंग्रजींत मात्र हें काम अनेक शब्दांनीं वांटून घेतलें आहे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. या शब्दांच्या चढणीवर विद्यार्थ्यांचे पाय जेथें हमखास घसरतात त्या जागा दाखवाव्या, व शब्दांच्या मुळाशीं असलेला अर्थ थोडासा उकलावा, एवढाच या पाठाचा हेतु आहे. हा विषय केवळ परीक्षेंतील गुणांपुरता नाहीं. पुढें नोकरीचा अर्ज, शिफारसपत्र, किंवा वरिष्ठांस पाठवावयाचें विनंतिपत्र लिहितांना हीं विशेषणें पदोपदीं लागतात. तेथें चुकीचा शब्द पडला तर स्तुतीची थट्टा होते आणि विनंतीचा उद्धटपणा होतो.

(१) उंचीचीं विशेषणें

'हाय' आणि 'टॉल' या दोन शब्दांपासून आरंभ करूं. जी वस्तु रुंदीच्या मानानें पुष्कळ उंच असते, तिला 'टॉल' म्हणावें. जसें माणूस, झाड, मनोरा, धुराडें. जी वस्तु उंच असून विस्तारानेंहि मोठी आहे, किंवा जमिनीपासून बरीच वर आहे, तिला 'हाय' म्हणावें. कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. तें 'हाय' होय, 'टॉल' नव्हे. हा भेद खिडकीच्या उदाहरणानें चांगला समजतो. 'टॉल विंडो' म्हणजे स्वतःच लांबट व उंच असलेली खिडकी. 'हाय विंडो' म्हणजे भिंतींत उंचावर बसविलेली खिडकी, मग ती वीतभर कां असेना. मनुष्याविषयीं बोलतांना तर विशेष सावध असावें. 'माझे वडील उंच आहेत' या वाक्यांत 'टॉल' ऐवजीं 'हाय' घातल्यास, ते नशेंत आहेत, असा भलताच अर्थ होतो!

'टॉल' शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. प्राचीन इंग्रजींत त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ 'चपळ, तत्पर' असा होता. पुढें तो 'देखणा', 'शूर' अशा अर्थीं चालूं लागला, आणि सोळाव्या शतकांत त्याला उंचीचा आजचा अर्थ प्राप्त झाला. 'लॉफ्टी' हा शब्द 'लॉफ्ट' म्हणजे माळा यापासून झाला, आणि 'लॉफ्ट'चें मूळ उत्तरेकडील नॉर्स भाषेंत आहे. तेथें त्याचा अर्थ हवा, आकाश व वरचा मजला असा होता. म्हणून शिखर, ध्येय किंवा विचार यांना 'लॉफ्टी' म्हणतात. शेजारच्या उंच मुलाला कोणी तसें म्हणत नाहीं.

(२) महत्त्वाचीं विशेषणें

उंचीवरून महत्त्वाकडे जाण्याची वाट शरीरांतून जाते. 'चीफ' आणि 'कॅपिटल' हे दोन्ही शब्द लॅटिनमधील 'कापुट', म्हणजे मस्तक, या शब्दापासून निघाले आहेत. आपणहि तेंच केलें आहे. 'मुख्य' हा 'मुख' शब्दापासून आला, आणि 'मूर्धन्य' हा मस्तकवाचक 'मूर्धन्' शब्दापासून. 'कार्डिनल'चें मूळ मात्र निराळें आहे. लॅटिनमध्यें 'कार्डो' म्हणजे दाराची बिजागरी. ज्यावर इतर सर्व कांहीं फिरतें, तें 'कार्डिनल'. बिजागरी दिसावयास लहान असते, पण ती निखळली कीं दार कितीहि भव्य असो, तें निरुपयोगी होतें. महत्त्व नेहमींच उंचावर बसत नाहीं, हें या शब्दानें चांगलें दाखविलें आहे.

येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली : 'मेन' हें विशेषण नामाच्या आधींच येतें. 'हें मुख्य कारण आहे' अशी रचना करावी. 'हें कारण मुख्य आहे' असें शब्दशः इंग्रजींत मांडूं नये. दुसरी : 'प्रिन्सिपल' असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. ज्याच्या शेवटीं 'पी-ए-एल' अक्षरें आहेत, तो 'मुख्य' या अर्थाचा. ज्याच्या शेवटीं 'पी-एल-ई' आहेत, तो 'तत्त्व' या अर्थाचा. तिसरी : 'एमिनंट' म्हणजे नामवंत, लॅटिनमध्यें त्याचा मूळ अर्थ 'पुढें आलेला, उठून दिसणारा'. 'इमिनंट' म्हणजे डोक्यावर झुकलेला, कोसळण्याच्या बेतांत असलेला. संकट 'इमिनंट' असतें, विद्वान 'एमिनंट' असतो. स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणांत अध्यक्षांना 'इमिनंट' म्हटलें, तर ते सभेवर कोसळणार आहेत असा अर्थ निघेल.

(३) श्रेष्ठत्वाचीं विशेषणें

लॅटिनमध्यें 'सुपर' म्हणजे वर. संस्कृत 'उपरि', ग्रीक 'हायपर' आणि इंग्रजी 'ओव्हर' हीं सर्व त्याचींच भावंडें. आपला मराठी 'वर' हा शब्दहि 'उपरि'पासूनच झाला आहे. 'सुपीरियर' हें त्याच घराण्यांतील तुलनादर्शक रूप, म्हणजे 'अधिक वरचा'. आणि 'सुप्रीम' हें परमावधीचें रूप, म्हणजे 'सर्वांत वरचा'. तुलना शब्दाच्या पोटांतच असल्यामुळें 'मोर सुपीरियर' किंवा 'मोस्ट सुप्रीम' म्हणणें हें साखरेंत गूळ घालण्यासारखें आहे. तसेंच 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्यूनियर', 'प्रायर' या पांचांपुढें 'दॅन' येत नाहीं, 'टु' येतें. हे पांच शब्द पाठ करावे. या जागीं चूक फार होते.

आपल्याकडेहि असेंच घडलें आहे. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' हीं संस्कृतांत मुळांतच परमावधीचीं रूपें. तरीहि आपण 'सर्वश्रेष्ठ' आणि 'श्रेष्ठतम' म्हणतों. इंग्रजींतील 'फोरमोस्ट' हा शब्दहि मूळच्या परमावधिवाचक रूपाला तोच प्रत्यय पुन्हां लागून झालेला आहे. परंतु भाषेच्या वहिवाटीनें जें मान्य केलें, तें चालतें. उत्तरपत्रिकेंत नवी वहिवाट पाडतां येत नाहीं.

हीं विशेषणें किती प्रबळ असतात याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. 'पॅरामाउंट' हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. त्यांत 'डोंगराकडे, चढावर' असा अर्थ दडलेला आहे. हिंदुस्थानांतील संस्थानांवर ब्रिटिश सत्ता स्वतःला 'पॅरामाउंट' म्हणवीत असे. हैदराबादच्या निजामानें वऱ्हाड परत मागितला, तेव्हां व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं १९२६ सालच्या उत्तरांत ब्रिटिश राजसत्ता या देशांत 'सुप्रीम' आहे, असें स्पष्ट बजाविलें. एका विशेषणांत साऱ्या वादाचा निकाल होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ती अधिसत्ता लोपली. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली, आणि दोनच दिवसांनीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचें उद्घाटन झालें. 'सुप्रीम' हें विशेषण राजमुकुटावरून उतरून न्यायासनाकडे आलें. शब्द तोच राहिला, पण त्याचा धनी बदलला.

(४) उंचीची दुसरी बाजू

उंचीच्या शब्दांना गर्वाची बाधा लवकर होते. 'हॉटी' म्हणजे गर्विष्ठ. हा शब्द फ्रेंचमधील 'उंच' या अर्थाच्या शब्दापासून झाला. 'सुपरसिलियस' म्हणजे दुसऱ्यास तुच्छ लेखणारा. लॅटिनमध्यें 'सुपरसिलियम' म्हणजे भुंवई, आणि भुंवया उंचावून पाहणाऱ्याचें चित्र त्यांत आहे. उलट 'सुपर्ब' हें आज स्तुतीचें विशेषण असलें, तरी लॅटिनमध्यें त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ 'उद्धट' असा होता. रोमचा शेवटचा राजा टार्क्विन याला लोकांनीं तेंच बिरुद लावलें होतें. आणि 'हंबल', म्हणजे नम्र, या शब्दाच्या मुळाशीं 'हूमुस', म्हणजे माती, हा शब्द आहे.

यावरून लेखनाचा एक व्यवहारी नियम निघतो. दुसऱ्याच्या गुणांचें वर्णन करतांना उंचीचीं विशेषणें मोकळ्या मनानें, पण जागा पाहून वापरावीं. स्वतःविषयीं लिहितांना तीं शक्य तों टाळावीं. अर्जांत 'मी श्रेष्ठ उमेदवार आहें' असें लिहिण्यापेक्षां आपण काय शिकलों व कोणतें काम केलें तें सरळ सांगावें. विशेषण लावण्याचें काम वाचणाऱ्यावर सोपवावें.

पालकांसहि एक विनंति आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतील असें एक विशेषण रोज मुलाकडून शोधवून घ्यावें, आणि 'याच्या जागीं दुसरें कां चालत नाहीं?' एवढेंच विचारावें. हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी येण्याची गरज नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मुलाचें इंग्रजी पक्कें होतें.

अभ्यास

१. मनोरा, डोंगर, ध्येय, उंटाची मान, किंमत : 'हाय', 'टॉल', 'लॉफ्टी' यांपैकीं योग्य विशेषण लावा.
२. 'एमिनंट' व 'इमिनंट' हे शब्द घालून एकेक वाक्य लिहा.
३. ज्या पांच विशेषणांपुढें 'टु' येतें, त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. 'मोर सुपीरियर' अशुद्ध कां, तें मराठींत चार ओळींत समजावून सांगा.
५. स्वतःविषयीं एकहि श्रेष्ठत्ववाचक विशेषण न वापरतां नोकरीचा अर्ज इंग्रजींत लिहा.