धंदा चारचौघांसमोर मांडताना

आपल्या कारागिराच्या हातात कसब असते, पण चार माणसांसमोर उभे राहून धंद्याविषयी बोला म्हटले की तो गडबडतो. वस्तू पुढे करतो, ‘माल एक नंबर आहे’ एवढे म्हणतो आणि खाली बसतो. भांडवल देणारा मात्र मालाबरोबर माणूस आणि त्याचा हिशोबही पाहत असतो. पूर्वी हे काम ओळखीपाळखीने दुकानात बसून व्हायचे. आता ते भर सभेत होऊ लागले आहे. २०२२ साली महाराष्ट्र शासनाच्या स्टार्टअप यात्रेत जिल्हावार अशा स्पर्धा झाल्या. टीव्हीवर डिसेंबर २०२१ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झाला. ही कल्पना मूळची जपानची, तिथे असा कार्यक्रम २००१ सालीच सुरू झाला होता.

त्या कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वातील एक उदाहरण आपल्याच भागातले आहे. मालेगाव तालुक्यातील कमलेश घुमरे या तरुण शेतकऱ्याने फवारणीसाठी स्वतः बनवलेली हातगाडी तिथे नेली. पाठीवर औषधाचा पंप वाहणाऱ्या शेतकऱ्याचे हाल त्याने आधी सांगितले, मग गाडी चालवून दाखवली. भाषा साधी, कपडे साधे. ऐकणाऱ्यांना अडचण कळली, म्हणून यंत्राची किंमतही कळली. हाच क्रम ध्यानात ठेवावा: गिऱ्हाईकाची अडचण प्रथम, आपली वस्तू त्यानंतर.

आता आकड्यांकडे या. कमलेशने १० टक्के हिश्शाच्या बदल्यात ३० लाख रुपये मागितले. म्हणजे त्याने आपल्या धंद्याची किंमत ३ कोटी धरली. पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्शासाठी १० लाख आणि शिवाय २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले. त्या हिशोबाने धंद्याची किंमत २५ लाख झाली! पैसे तेवढेच, ३० लाख. पण कुठे ३ कोटी आणि कुठे २५ लाख. हिश्शाचा पैसा धंदा बुडाला तर देणाऱ्याचाही बुडतो; कर्ज मात्र बिनव्याजी असले तरी फेडावेच लागते. व्याज टाळू पाहणाऱ्या आपल्या वाचकांनी हा भेद विशेष लक्षात घ्यावा. भागीदारी करताना नफा टक्केवारीने ठरवावा. ‘दरमहा इतके रुपये देईन’ असे ठरवले तर ती भागीदारी राहत नाही.

मग रक्कम मागावी किती? समजा, तुम्ही शाळेची दप्तरे शिवता. कापड-चेन १४० रुपये, शिलाई ६०, वाहतूक व इतर २०, एकूण २२०. घाऊक व्यापारी २६० देतो. चाळीस सुटले, असे आपण खुशीत सांगतो. पण त्यातून गाळ्याचे भाडे, वीज आणि स्वतःची मजुरी जायची असते. स्वतःची मजुरी धरायला आपले कारागीर हमखास विसरतात, आणि समोरचा नेमके तेच विचारतो. पुढे उधारी. रोज ५० दप्तरे जात असतील आणि पैसा कामाच्या ४५ दिवसांनी येत असेल, तर ११,००० गुणिले ४५, म्हणजे ४ लाख ९५ हजार रुपये नुसते बाजारात अडकलेले राहतात. ‘पाच लाख द्या’ याऐवजी हा हिशोब मांडला तर मागणीला आधार मिळतो.

बोलण्याची तयारी घरीच करावी. घड्याळ लावून तीन मिनिटांत सगळे सांगून पाहावे. ऐकायला धंद्यातला माणूस नको, शेजारी किंवा शाळकरी मुलगा बसवावा. त्याला कळले नाही ते वाक्य बदलावे. कागद वाचू नये. वस्तू पहिल्या मिनिटातच लोकांच्या हातात द्यावी, शिवण ओढून पाहू द्यावी.

खरी परीक्षा प्रश्नांच्या वेळी होते. ‘हीच वस्तू उद्या मोठ्या कारखान्याने स्वस्तात काढली तर?’ हा प्रश्न येणारच. ठाऊक नसलेला आकडा ठोकून देण्यापेक्षा ‘वही पाहून उद्या सांगतो’ म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी खरोखर कळवावे. एखाद्याने तिथल्या तिथे रक्कम देऊ केली तरी हिस्सा किती, तोटा कोणाकडे, हिशोब कधी पाहायचा हे कागदावर आल्याशिवाय होकार देऊ नये. एक दिवसाची मुदत मागायला संकोच नको.